एस्प्रेसो बिघडतोय? ग्राइंडरला हात लावण्याआधी दाणे निवडा

एस्प्रेसो मशीन नवीन घेतलं की पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांना एक खोड लागते: चव जरा बिनसली की ग्राइंडर फिरवायचा. आंबट लागलं, दळण बारीक केलं. कडू लागलं, जाड केलं. मीही तेच केलं. एका नव्या पाकिटापायी मी तीन दिवस ग्राइंडर पुढे-मागे करत बसलो होतो. वजन तेच, वेळ तोच, पाणी तेच. तरी पहिला शॉट (म्हणजे एका वेळी काढलेला एस्प्रेसो) छान गोड, दुसरा कोरडा, तिसरा पुन्हा छान आणि चौथ्याला जिभेवर शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी. चौथ्या दिवशी वैतागून उरलेले दाणे एका पांढऱ्या ताटात ओतले, तर गडद तपकिरी दाण्यांतून मधूनमधून फिकट, मातकट दाणे डोकावत होते. ग्राइंडर बिचारा निर्दोष होता.

तेव्हापासून मी एक ठोकताळा धरून चालतो. जो बिघाड येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा दाण्यातला. जो रोज न चुकता त्याच जागी भेटतो, तो आपल्या कृतीतला, मशीनमधला नाहीतर भाजणीतला. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे सांगतो. पण नवशिक्याने ग्राइंडर फिरवण्याआधी दाणे बघायची सवय लावून घेतली तर बरीच कॉफी आणि बराच संताप वाचतो.

पहिलं काम: एकदा दाणे मोजा

खरंच मोजा. दुहेरी शॉटला आपण साधारण १८ ग्रॅम कॉफी घेतो. भाजलेला अरेबिकाचा (ही कॉफीची एक जात) दाणा ०.१२ ते ०.१५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे बास्केटमध्ये (चुरा भरायच्या जाळीदार वाटीत) जेमतेम १२० ते १५० दाणे जातात. एकेरी शॉटला पन्नास-साठ. कॉफीवर आयुष्यभर काम केलेले इटलीचे रसायनतज्ज्ञ अर्नेस्टो इली यांनी २००२ साली लिहिलं होतं, की एकेरी एस्प्रेसोतल्या पन्नास-पंचावन्न दाण्यांत एक जरी खराब निघाला तरी चवीत कळतं. बीथोवेन म्हणे एका कपाला मोजून ६० दाणे घ्यायचा. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला त्यातलं एवढंच पटतं, की दाणा दाणा मोजणाऱ्याच्या नजरेतून किडका दाणा सुटत नाही.

फिल्टर कॉफीत हेच दोष असतात, पण ते इतके अंगावर येत नाहीत. कारण साधं आहे. फिल्टर कॉफीच्या कपात विरघळलेला ऐवज सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, बाकी पाणी. एस्प्रेसोत तोच ८ ते १२ टक्के असतो. १८ ग्रॅम कॉफीतून आपण फक्त ३६ ग्रॅमच्या आसपास पेय काढतो, तेही ९ बार दाबाखाली, २५ ते ३० सेकंदांत. वर एस्प्रेसोत तेल गाळायला कागद नसतो, त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब आणि त्यांना चिकटलेले वास थेट कपात उतरतात. चांगलं असेल ते दाट होऊन येतं आणि वाईट असेल तेही. शिवाय खराब दाणा एका कोपऱ्यात पडून राहत नाही. दळताना त्याचे शेकडो कण होतात आणि सगळ्या चुऱ्यात मिसळतात.

दुसरं काम: निवडायला बसा

पांढरं ताट किंवा साधा पांढरा कागद, आणि दिवसाचा उजेड. पिवळ्या दिव्याखाली हे काम होत नाही, तिथे फिकट आणि गडद एकसारखेच दिसतात. शंभर ग्रॅम दाणे एका थरात पसरा, एकावर एक येऊ देऊ नका. एकदा नजर फिरवा, मग ताट हलवून दाणे उलटे होऊ द्या आणि पुन्हा बघा. किडीचं भोक नेमकं खालच्या बाजूला असतं, हा माझा अनुभव.

सुरुवातीला नावांच्या भानगडीत पडू नका. शेजाऱ्यापेक्षा वेगळा दिसणारा दाणा बाजूला काढा, एवढंच. ढीग झाला की मग त्यात काय काय आहे ते बघू. पहिल्या वेळी शंभर ग्रॅमला पंधरा मिनिटं लागतील. पुढे नजर बसली की एका शॉटपुरते १८ ग्रॅम निवडायला एक मिनिटही लागत नाही, तेवढ्यात मशीन तापतं.

आता काय बाजूला काढायचं नाही ते सांगतो, कारण नवशिका उत्साहात चांगला मालही फेकतो. पूर्ण गोल, वाटाण्यासारखा दाणा दिसला तर तो दोष नाही. फळात दोनऐवजी एकच बी धरली की ती अशी गोल होते, त्याला पीबेरी म्हणतात. मधल्या चिरेत अडकलेली पांढुरकी साल दोष नाही. गडद भाजणीच्या दाण्यावरचं तेल हाही दोष नाही, आणि लहान-मोठे दाणे एकत्र असणं हाही नाही. फळासकट वाळवलेल्या, म्हणजे नॅचरल प्रकारच्या कॉफीत रंग थोडा खालीवर असतोच. तिथे थोडासा फिकट दाणा चालतो, पण एकदम वेगळ्याच जातीचा वाटावा असा फिकट दाणा चालत नाही.

ढिगात काय सापडलं?

सगळ्यात जास्त सापडतो तो क्वेकर. भाजलेल्या पाकिटात घरी बसून ओळखता येण्यासारखा हाच मुख्य दोष, म्हणून याच्यापाशी जरा थांबू या.

क्वेकर म्हणजे न पिकलेल्या फळातला दाणा. फळ पिकताना बीमध्ये साखर आणि इतर ऐवज भरत जातो. फळ कच्चं तोडलं, किंवा झाडाला पुरेसं पोषणच मिळालं नाही, तर बी अर्धपोटी राहते. भाजताना रंग आणि खमंगपणा येतो तो मुख्यतः साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेतून. अर्धपोटी दाण्यात हे दोन्ही कमी, मग तो रंगणार कशाने? बाकीचे तपकिरी होतात आणि हा ताकात पडल्यासारखा फिकट राहतो. गंमत अशी की कच्च्या, हिरव्या कॉफीत तो सहजी ओळखू येत नाही. भट्टीतून बाहेर आल्यावरच त्याचं बिंग फुटतं.

एक क्वेकर हातात घ्या. अंगाने हलका, वर सुरकुत्या कमी-जास्त, रंग शेंगदाण्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. दाताखाली धरा. शेजारचा चांगला दाणा कडकन फुटतो, तोंडात कडू-गोड सुटतं आणि नाकापर्यंत वास जातो. क्वेकर फुटताना आधी कागद चावल्यासारखं वाटतं, मग कच्च्या शेंगदाण्याची आणि कोरड्या भुशाची चव येते, आणि शेवटी जीभ टाळूला चिकटते. गोडवा कुठेच नाही. शॉटमध्ये एक-दोन क्वेकर असतील तर चव वाईट होत नाही, ती पोकळ होते. गोडी खाली बसते आणि मागे कोरडेपणा राहतो. पाच-सहा असतील तर तो तुरटपणा सरळ समोर येतो. नवशिक्याची फसगत इथेच होते. कोरडं लागलं म्हणजे कॉफीचा अंश पाण्यात जास्त उतरला असं समजून तो दळण जाड करतो, आणि मग कोरडेपणाच्या जोडीला आंबटपणाही पदरात पाडून घेतो.

गर काढून धुतलेल्या, म्हणजे वॉश्ड कॉफीत क्वेकर तुलनेने कमी सापडतात. पाण्यात टाकल्यावर पोचट फळं वर तरंगतात आणि काढून टाकता येतात, आणि गर काढणाऱ्या यंत्रात टणक कच्ची फळंही बरीचशी वेगळी पडतात. नॅचरल कॉफीत हे टप्पे बहुधा नसतात, तिथे सगळी मदार तोडणीवर आणि हाताने निवडण्यावर.

आता आंबलेला दाणा. फळं तोडून ढिगात तासन् तास पडून राहिली, किंवा टाकीत गरजेपेक्षा जास्त आंबली, की बीचा रंग पिवळसर-तांबूस होतो. कपात याचा आंबूस वास येतो, व्हिनेगरसारखा, नाकात शिरणारा. याचाच थोरला भाऊ म्हणजे कुजका दाणा, ज्याला व्यापारात स्टिंकर म्हणतात. टाकीच्या किंवा यंत्राच्या सांदीत एखादा दाणा अडकतो, दिवसेंदिवस कुजतो आणि मग पुढच्या मालात मिसळतो. वरून तो धडधाकट दिसू शकतो, फोडल्यावर मात्र नाक धरावं लागतं.

काळा दाणा झाडावरच मेलेल्या किंवा जमिनीवर पडून राहिलेल्या फळाचा. याने कपात जळकट, औषधी, घशाशी धरणारी कडू चव येते. आंबलेले आणि काळे दाणे हिरव्या कॉफीत चटकन दिसतात, पण एकदा भाजले की सगळे तपकिरी रंगात लपतात. क्वेकरच्या अगदी उलट. म्हणून भाजलेल्या पाकिटात ते डोळ्यांनी शोधण्यापेक्षा नाकाने शोधावे लागतात, आणि खरं तर ते निवडून काढायची जबाबदारी भाजणाऱ्याची आहे, आपली नाही.

किडका दाणा मात्र भाजल्यावरही ओळखता येतो. कॉफीच्या फळात शिरणारा एक भुंगेरा आहे, हायपोथेनेमस हॅम्पेई. मादी दोन मिलिमीटरहूनही लहान. ती फळाच्या टोकाशी भोक पाडून आत शिरते आणि बीमध्येच अंडी घालते. दाण्यावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर हीच. एखादं भोक चवीला फारसं बाधत नाही. तीन-चार भोकं असलेला, आतून पोखरलेला दाणा बाधतो, कारण भोकातून बुरशीला वाट मिळते.

बुरशीची चव मराठीत एका शब्दात सांगता येते: कुबट. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास. हिरव्या कॉफीत ओलावा साधारण १० ते १२ टक्के हवा. त्यावर गेला की बुरशीचं फावतं. याच घराण्यातला एक नामांकित दोष म्हणजे ‘रिओ’. ब्राझीलच्या प्रतवारीत आयोडिनसारख्या, औषधी वासाच्या कॉफीला हे नाव पडलं. त्यामागे २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल हे रसायन सापडतं, म्हणजे वाइनच्या बाटलीचं बूच बिघडल्यावर जो कुबट वास येतो, त्यामागचंच. हे इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवतं की भाजून, गडद करून, दूध घालून काही उपयोग होत नाही.

आणि एक अजब प्रकार, बटाटा. रवांडा, बुरुंडी या भागातल्या कॉफीत कधीमधी एखादा दाणा असा निघतो की दळल्याबरोबर खोलीभर कच्चा बटाटा सोलल्याचा वास सुटतो. अँटेस्टिया नावाच्या ढेकणाशी हा दोष जोडला जातो आणि वास येतो तो पायराझीन वर्गातल्या रसायनामुळे. दाणा दिसायला अगदी इतरांसारखा, त्यामुळे निवडून काढायचा मार्ग नाही. दळलेल्या कॉफीचा वास घ्यायची सवय असेल तर मात्र तो शॉट काढण्याआधीच पकडता येतो. पकडला की तेवढा चुरा फेका आणि ग्राइंडरमधून चार-पाच ग्रॅम चांगले दाणे काढून तोही चुरा टाकून द्या, नाहीतर पुढचा शॉटही बटाट्याचाच. या भागातली कॉफी म्हणून टाळू नका. तिच्यातला चांगला कप मला फार आवडतो आणि त्यापायी एखादा शॉट फेकायची माझी तयारी असते.

फुटके तुकडे, शिंपल्यासारखे पोकळ दाणे आणि पोचट दाणे यांचं फार मनावर घेऊ नका. ते पातळ असल्याने भट्टीत लवकर भाजतात आणि करपतात, एवढाच त्यांचा गुन्हा. मूठभर दिसले तर काढा, एखाददुसरा असेल तर सोडून द्या. खडा, काडी किंवा तारेचा तुकडा मात्र दिसलाच पाहिजे. तो चवीचा प्रश्न नाही, ग्राइंडरच्या पात्यांचा आहे.

भाजणीतले दोष वेगळे. दाण्याच्या टोकाला काळा ठिपका किंवा सपाट बाजूवर जळका डाग दिसला तर भट्टी जास्त तापलेली होती. कपात करपट आणि राखेची चव येते. भाजणी रेंगाळली तर दाणा दिसायला छान पण चव पावासारखी, सपाट. हे दोष एखाददुसऱ्या दाण्यात नसतात, पाकीटभर पसरलेले असतात, त्यामुळे निवडून काही साधत नाही.

तिसरं काम: दोषाची चव स्वतः घ्या

वाचून क्वेकर कळत नाही, प्यायला लागतो. निवडलेला ढीग टाकू नका, साठवा. पाचेक ग्रॅम क्वेकर जमले की हा प्रयोग करा.

तीन कप घ्या. पहिल्यात निवडलेले, स्वच्छ दाणे. दुसऱ्यात त्याच पाकिटातले न निवडलेले. तिसऱ्यात फक्त क्वेकर. प्रत्येकी ५ ग्रॅम, जाडसर दळून, वर ९० मिलिलिटर ९३ अंशांच्या आसपासचं पाणी. व्यावसायिक चवपरीक्षेत ८.२५ ग्रॅमला १५० मिलिलिटर पाणी घेतात, हे प्रमाण तेच आहे. क्वेकर शेवटी दळा. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढा आणि लगेच पिऊ नका. कोमट होऊ द्या. गरम असताना बरेच दोष झाकले जातात, कॉफी निवत गेली की ते एकेक करून वर येतात.

तिसऱ्या कपाचा वास आधी घ्या. कॉफीचा वासच नसतो त्यात, ओल्या पुठ्ठ्याचा असतो. चव घ्या आणि लगेच पहिल्या कपाकडे जा. मग दुसऱ्याकडे. दुसऱ्या कपात तिसऱ्याची सावली सापडली की तुमचं शिक्षण झालं. एकदा ती सावली ओळखीची झाली की शॉटमध्ये ती लपून राहत नाही.

मग हेच एस्प्रेसोवर करा. १८ ग्रॅम स्वच्छ दाण्यांचा एक शॉट. दुसऱ्यात पाच दाणे काढून त्या जागी पाच क्वेकर घाला, वजन तेच ठेवा. दोन्ही ३६ ग्रॅमवर थांबवा. शेजारी शेजारी प्या, मध्ये पाण्याचा घोट. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पहिल्या घोटाला फरकच कळला नाही, जरा ओशाळलोच. फरक कळला तो गिळल्यानंतर. एका कपाची गोडी अर्धा मिनिट रेंगाळत होती, दुसऱ्याची पाच सेकंदांत संपली आणि मागे जिभेवर खडूची पूड फासल्यासारखं राहिलं. म्हणून नवशिक्याला माझं सांगणं असतं, की दोष शोधायचा तर घोट तोंडात असताना नाही, तो गिळल्यावर शोधा.

व्यावसायिक चवपरीक्षेत एकाच कॉफीचे पाच कप मांडतात आणि प्रत्येक कपाचे दाणे वेगळे दळतात, तेही यासाठीच. एक खराब दाणा एकाच कपात जातो, बाकी चार स्वच्छ राहतात, आणि तो कप उघडा पडतो. सगळं एकत्र दळलं असतं तर दोष पाचांत वाटला गेला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता.

दुधाबद्दल लोक विचारतात. क्वेकरचा कोरडेपणा दूध बऱ्यापैकी झाकतं. आंबूसपणा दुधात उलट विचित्र लागतो, आणि कुबट किंवा औषधी चव तर दुधातूनही सरळ वर येते.

चौथं काम: कपावरून दाण्यापर्यंत माग काढा

आता तो अपवाद. येणारा-जाणारा बिघाड दाण्यातला, असं मी म्हणालो, पण चॅनेलिंगही येतं-जातं. बास्केटमधली कॉफी नीट पसरली नाही, तिरपी दाबली गेली, की पाणी एका फटीतून निसटतं आणि तो शॉट आंबट-तुरट होतो. मग दाण्याचा दोष आणि हाताचा दोष वेगळा कसा करायचा? घड्याळ आणि वजनकाटा बघून. चॅनेलिंग झालं तर शॉटचा वेळ बहुधा हलतो किंवा धार मध्येच फिकट होते, वाकडी होते, शिंतोडे उडतात. बिनतळाचं पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) असेल तर डोळ्यांनी दिसतं. पण धार सरळ आहे, ३६ ग्रॅम आजही २८ सेकंदांत आले, कालही २८ मध्येच आले होते, आणि तरी चव वेगळी आहे, तर दाण्यांकडे जा.

आंबटपणाचे दोन प्रकार असतात, ते वेगळे ओळखायला शिका. कॉफी कमी उतरल्याचा आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, धारदार असतो, आणि दळण बारीक केलं की कमी होतो. आंबलेल्या दाण्याचा आंबूसपणा जिभेआधी नाकाला कळतो आणि ग्राइंडर कितीही फिरवला तरी हटत नाही. कडूचंही तसंच. जास्त उतरल्याचं कडू दळण जाड केल्यावर निवळतं, काळ्या दाण्याचं औषधी कडू तिथेच बसून राहतं. ग्राइंडरच्या दोन वेगवेगळ्या खुणांवर शॉट काढून बघितले आणि दोष दोन्हीकडे तोच राहिला, तर ग्राइंडरला हात लावणं थांबवा.

खवट चव आली तर मात्र दाण्यावर आरोप करण्याआधी ग्राइंडर आणि त्यावरचं दाणे भरायचं भांडं, म्हणजे हॉपर, उघडा. तिथे जुनं तेल आणि शिळा चुरा साचलेला असतो. रोजचा पहिलाच शॉट खवट आणि पुढचे बरे लागत असतील तर रात्रीचा उरलेला चुराच दोषी आहे. दोन-तीन ग्रॅम दळून टाकून द्या, मग शॉटचं दळा.

पाचवं काम: रोजचं काय?

हॉपर भरून ठेवणाऱ्याला निवडता येत नाही. तेव्हा नव्या पाकिटाचा पहिला आठवडा तरी हॉपर रिकामा ठेवा आणि प्रत्येक शॉटचे १८ ग्रॅम छोट्या पसरट वाटीत मोजून घ्या. वाटी उजेडात धरा, एकदा हलवा, फिकट दाणे उचला, तेवढेच चांगले दाणे घालून वजन पुरं करा. माझा आपला कामचलाऊ नियम असा: १८ ग्रॅममध्ये एक क्वेकर निघाला तर उचलून टाकतो आणि विसरतो. सलग दोन-तीन वाट्यांत तीन-चार निघाले तर सगळं पाकीट एकदाच ताटात ओततो आणि निवडून परत भरतो.

पाकीट घेतानाही थोडं बघता येतं. शिकण्याच्या काळात धुतलेली, मध्यम भाजणीची कॉफी घ्या. तिच्यात क्वेकर कमी, आणि असले तर स्पष्ट दिसतात. गडद भाजणीत रंगाचा फरक पुसट होतो, शिवाय भाजणीचा कडूपणा बाकीचे दोष झाकतो, त्यामुळे नजरही तयार होत नाही आणि जीभही. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर मी ते घेत नाही. आणि भाजणाऱ्याला सरळ विचारा, भाजल्यावर निवडता का? मोठ्या ठिकाणी रंग ओळखून फिकट दाणे उडवणारी यंत्रं असतात, लहान ठिकाणी टेबलावर पसरून हाताने निवडतात. दोन्ही चालतं. प्रश्न ऐकून जो गोंधळतो, त्याच्याकडे बहुधा दोन्हीतलं काही नसतं.

‘स्पेशॅल्टी’ शब्दाचा अर्थही यानिमित्ताने समजून घ्या. स्पेशॅल्टी कॉफी असोसिएशनच्या अनेक वर्षं वापरात राहिलेल्या प्रतवारीत ३५० ग्रॅम हिरव्या कॉफीचा नमुना निवडतात. त्यात पूर्ण काळा, पूर्ण आंबलेला, बुरशी लागलेला दाणा, फळासकट वाळलेली बी, खडा-काडी असा पहिल्या वर्गातला दोष एकही चालत नाही. दुसऱ्या वर्गातले हलके दोष पाचपर्यंत चालतात, आणि तेही मोजायची रीत वेगळी: फुटके दाणे पाच सापडले तर एक दोष, अर्धवट काळे तीन सापडले तर एक, किंचित किडके दहा मिळून एक. आणि भाजलेल्या १०० ग्रॅममध्ये क्वेकर एकही नको. हा शब्द मिरवणाऱ्या पाकिटातून शंभर ग्रॅममागे दहा क्वेकर निघाले, तर तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तक्रार करताना नुसतं ‘कॉफी चांगली नाही’ असं लिहू नका, त्यावर उत्तर काय देणार कोणी? शंभर ग्रॅम निवडा, बाजूला काढलेले दाणे मोजा, चांगल्या दाण्यांशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि भाजल्याच्या तारखेसह पाठवा. माझ्या त्या तीन दिवस छळलेल्या पाकिटाचा असाच फोटो मी पाठवला होता. आधी उत्तर आलं की नॅचरल कॉफीत असं चालायचंच. मी क्वेकरचा आकडा कळवला. दुसऱ्या दिवशी नवं पाकीट रवाना झालं.

वेचलेले दाणे फेकायची घाई करू नका. बुरशीचे आणि कुबट वासाचे सरळ कचऱ्यात जातात, पण क्वेकर आणि फुटके दाणे मी एका बरणीत साठवतो. ग्राइंडर झाडून-पुसून झाला की पहिला मूठभर घास त्यांचाच, म्हणजे चांगले दाणे वाया जात नाहीत. घालण्याआधी त्यात खडा नाही ना, हे मात्र पुन्हा एकदा बघतो. आणि कोणी नवं मशीन घेऊन ‘माझा शॉट एक दिवस चांगला, एक दिवस वाईट का लागतो?’ असं विचारत आलं, की आधी त्याच बरणीतला एक फिकट दाणा त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, चावून बघ.